साठ की आठ? घरातील नवे स्पीकर आणि हरवणारा शब्द

वहीपूजन आटोपते, सोयाबीनचा हिशेब लागतो, कापसाची आवक सुरू होते. आणि मग परभणी-जिंतूर रस्त्यावरील बोरीसारख्या बाजारपेठेच्या गावात व्यापारी घरांतून नव्या खरेदीचा विचार निघतो. पुढे दुकान आणि मागे अथवा वर घर, अशी ज्यांची राहणी आहे, त्यांच्या दिवाणखान्यात टीव्हीशेजारी किंवा काचेच्या कपाटावर स्पीकरची एखादी जुनी जोडी असतेच. ती बदलून मोठी, अधिक वॉटची, चांगल्या नावाची जोडी आणावी, असे तरुण मुलाच्या मनात येते. कारण विचारले तर उत्तर बहुधा एकच मिळते : “आजोबांना प्रवचन नीट ऐकू येत नाही. आवाज कितीही वाढवला तरी ते ‘काय म्हणाले?’ असेच विचारतात.”

हेतू निर्मळ आहे. वडीलधाऱ्यांना जिनवाणी ऐकता यावी म्हणून केलेला खर्च कोणीही वावगा म्हणणार नाही. परंतु व्यापारी घरात माल घेण्यापूर्वी गरज कशाची आहे हे पाहण्याची रीत असते. ती रीत येथेही पाळली, तर लक्षात येते की अशा घरांत अनेकदा तूट आवाजाची नसून शब्दांची असते. या दोन तुटी वेगळ्या आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

मराठीतील ‘साठ’ हा शब्द घ्यावा. त्यातील ‘स’ ऐकू आला नाही तर उरतो तो ‘आठ’. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारख्या वर्णांचा ध्वनी फार सूक्ष्म आणि उंच पट्टीचा असतो. ‘स’चा मोठा भाग चार हजार हर्ट्झच्या वर असतो. उलट स्वरांचा जोर खालच्या पट्टीत असतो. स्वर बोलण्याला आवाज देतात आणि व्यंजने त्याला अर्थ देतात. वय वाढते तसे मनुष्याच्या कानाची शक्ती प्रथम उंच पट्टीतच कमी होऊ लागते. म्हणून वृद्ध माणसाला कोणी बोलत आहे हे कळते, पण काय बोलत आहे ते कळत नाही. अशा वेळी आवाजाचे बटण फिरवले की आधीच ऐकू येणारे स्वर आणखी मोठे होतात, आणि दबलेला ‘स’ त्यांच्या गलक्यात पुन्हा दबलेलाच राहतो. घुमणाऱ्या खर्जाचा मोठा स्पीकर आणल्यास हा दोष कमी न होता वाढतो.

खर्ज नसला तरी शब्द कळतो, याचा दाखला प्रत्येक व्यापाऱ्याच्या हाती रोज असतो. जुन्या दूरध्वनीच्या तारेतून केवळ ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्टीतील ध्वनी जात असे. त्यात ना ढोलकीचा ठेका होता, ना तानपुऱ्याचा भार. तरीही लाखोंचे सौदे त्यावर ठरत. मात्र वरची पट्टी तुटल्यामुळे ‘स’ त्यातही क्षीण होई, आणि म्हणूनच भाव सांगताना “साठ, सहावर शून्य” अशी खातरजमा करून घेण्याची सवय बाजाराला लागली. आजोबा घरात “काय म्हणाले?” असे विचारतात तेव्हा तेही हीच खातरजमा करीत असतात. फरक एवढाच, की बाजारात ती सावधगिरी ठरते आणि घरात तिचा कंटाळा केला जातो.

या कंटाळ्याची किंमत मोठी असते. दोन-तीनदा विचारूनही उत्तर मिळाले नाही की वृद्ध माणूस विचारणे सोडून देतो. जेवताना चाललेल्या बोलण्यात तो गप्प राहतो, दुकानातील सल्लामसलतीतून बाजूला होतो, आणि घरातील माणसे समजतात की त्यांचे आता लक्ष नसते किंवा विसर पडू लागला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगात ४३ कोटींहून अधिक लोकांना उपचार वा साहाय्य आवश्यक ठरेल इतका श्रवणदोष आहे. तेव्हा स्पीकरच्या दुकानात जाण्यापूर्वी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाणे हा पहिला व्यवहार होय. कधी कानात साठलेला मळ एवढेच कारण निघते. अन्यथा श्रवणचाचणी होते, कोणती पट्टी किती कमी झाली आहे याचा आलेख मिळतो, आणि आवश्यक त्या पट्टीलाच बळ देणारे श्रवणयंत्र बसवता येते. अलीकडील अनेक श्रवणयंत्रे टीव्ही किंवा मोबाइलचा आवाज बिनतारी पद्धतीने थेट कानात घेतात. तसे झाले तर आजोबांचे प्रवचन आणि नातवाचा अभ्यास एकाच खोलीत सुखाने चालू शकतात.

कानानंतर विचार करावयाचा तो खोलीचा. मराठवाड्यातील जुनी घरे माळवदाची होती. जाड मातीच्या भिंती, वर लाकडी सरे आणि त्यावर मातीचा थर, खाली गादी, तक्के, लोड. अशा पेढीवर दोन माणसे हळू बोलली तरी शब्द स्वच्छ ऐकू येत, कारण ध्वनी भिंतीवर आपटून परत येण्याऐवजी बराचसा शोषला जाई. आता स्लॅब आला, गुळगुळीत फरशी आली, काचेची कपाटे आली. घर स्वच्छ आणि टिकाऊ झाले, परंतु ध्वनीच्या दृष्टीने ते कठीण झाले. एक शब्द फरशीवरून, भिंतीवरून, छतावरून परतून येतो तोवर पुढचा शब्द उच्चारलेला असतो आणि दोघे एकमेकांत मिसळतात. जिंतूरजवळच्या नेमगिरीच्या दगडी गुंफांत उभे राहून णमोकार मंत्र संथपणे म्हटला तर तो घुमून मनाला भारून टाकतो. पण तेथेच कोणी भरभर विवेचन करू लागला तर ऐकणाऱ्याला निम्मे शब्द लागणार नाहीत. मंत्राला जो घुमार साधक ठरतो, तोच प्रवचनाला बाधक ठरतो.

हा विषय शास्त्राच्या कक्षेत आला तो गाद्यांच्याच साहाय्याने. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात १८९५ मध्ये नव्या व्याख्यान-दालनात वक्त्याचा शब्द कळेनासा झाला, तेव्हा वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकावर त्याचे कारण शोधण्याचे काम सोपवण्यात आले. तेथे उच्चारलेला शब्द पाच सेकंदांहून अधिक काळ घुमत राही. सॅबाइनने जवळच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री आणवून त्या दालनात मांडल्या, आणि किती गाद्यांनी घुमार किती कमी होतो हे मोजत गेला. त्या मोजणीतूनच सभागृहांच्या ध्वनिरचनेचे आधुनिक शास्त्र उभे राहिले. परभणी जिल्हा तर कापसाचा. येथील घराला याहून सोपा उपाय कोणता असणार? दिवाणखान्यात मधोमध उभे राहून एक टाळी वाजवावी. टाळीमागून झणझणीत पडसाद आला तर जमिनीवर जाड सतरंजी आणि गादी अंथरावी, खिडक्यांना जाड सुती पडदे लावावेत, स्पीकरसमोरच्या उघड्या भिंतीशी ग्रंथांचे कपाट ठेवावे. कापसाच्या तंतूंमधून जाताना ध्वनीची शक्ती घर्षणाने क्षीण होते. या उपायाने खर्जाचा घुमार फारसा कमी होत नाही, पण बोलण्याच्या पट्टीला त्याचा लाभ निश्चित होतो.

तिसरी गोष्ट अंतराची. अनेक श्वेतांबर परंपरांत साधू-साध्वी आजही माईकचा वापर करीत नाहीत. विजेच्या वापरात अग्निकाय जीवांची विराधना होते, ही त्यामागील धारणा आहे. तरीही त्यांची प्रवचने शेकडो श्रावक ऐकतात, कारण ऐकणारे जवळ सरकून बसतात आणि शांत राहतात. ध्वनिशास्त्रही हेच सांगते. मोकळ्या जागेत ध्वनीच्या उगमापासूनचे अंतर निम्मे केले की आवाज सहा डेसिबलने वाढतो, आणि तेवढीच वाढ यंत्राने साधायची तर चौपट वॉट खर्ची घालावे लागतात. घरात भिंतींमुळे ही वाढ थोडी कमी भरते, पण पडसादाच्या तुलनेत मूळ शब्द ठळक होतो हा अधिकचा लाभ असतो. आजोबांची खुर्ची चार मीटरवरून दोन मीटरवर आणण्यास एक पैसाही लागत नाही.

स्पीकरची जागाही पाहावी. कपाटाच्या माथ्यावर चढवलेला किंवा कोपऱ्यात कोंबलेला स्पीकर कितीही उत्तम असला तरी वाया जातो. कोपऱ्यात खर्ज फुगतो, आणि उंचावरून उंच पट्टीचे ध्वनी ऐकणाऱ्याच्या डोक्यावरून निघून जातात, कारण हे ध्वनी प्रकाशझोताप्रमाणे बरेचसे सरळ रेषेत जातात. दोन्ही स्पीकर भिंतीपासून हात-दीड हात पुढे असावेत; ते आणि ऐकणारा मिळून साधारण समभुज त्रिकोण व्हावा; आणि त्यांतील लहान स्पीकर, ज्याला ट्विटर म्हणतात, तो कानाच्या उंचीवर यावा. खुर्चीवर बसणाऱ्याचा कान जमिनीपासून सुमारे एक मीटरवर असतो. गादीवर मांडी घालून बसणाऱ्याचा त्याहून बराच खाली. घरात ऐकणारा कसा बसतो हे पाहून उंची ठरवावी.

कान, खोली आणि अंतर यांची व्यवस्था लावूनही तूट उरली, तर नवी जोडी घेण्यास हरकत नाही. त्यापूर्वी जुनी जोडी एकदा उघडून पाहावी. अनेक जुन्या स्पीकरांत कागदी शंकूच्या कडेला फोमची पट्टी असते. ती दहा-वीस वर्षांत कुजून भुगा होते आणि आवाज फाटतो. ही पट्टी बदलता येते. लाकडी पेटी आणि चुंबक तोवर बहुधा शाबूत असतात.

नवी जोडी घेताना मापात फसू नये. खोक्यावर हजार वॉटचा आकडा छापलेला असतो आणि त्याखाली बारीक अक्षरांत ‘पीएमपीओ’ लिहिलेले असते. ते क्षणभराच्या कमाल शक्तीचे फुगवलेले माप आहे. पोत्यासह, ओलाव्यासह आणि तोलणाऱ्याच्या बोटासह केलेले वजनच म्हणावे. निव्वळ वजन विचारावयाचे तर ‘आरएमएस’ वॉट विचारावेत. शिवाय वॉट दुप्पट झाले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. वॉट दुप्पट केल्याने केवळ तीन डेसिबलची वाढ होते. कानाला आवाज दुप्पट भासावा यासाठी सुमारे दसपट शक्ती लागते. म्हणून २० वॉटच्या जागी ४० वॉट घेणाऱ्याच्या पदरी पैशाच्या मानाने फारच थोडे पडते.

येथे जैन घराने विचारावा असा एक प्रश्न आहे, आणि तो दुकानात क्वचितच विचारला जातो. ‘साठ’मधला तो हरवणारा ‘स’ ज्या भागातून निघतो, त्या ट्विटरमध्ये एक छोटा घुमट असतो. पुष्कळ स्पीकरांत तो रेशमी कापडाचा असतो. माहितीपत्रकात ‘सिल्क डोम’ असे गौरवाने लिहिलेले असते. रेशीम कसे निघते हे श्रावकाला सांगणे नको. कोशातील जीव उष्णतेने मारून, मग धागा उलगडला जातो, आणि किलोभर रेशमासाठी असे हजारो कोश लागतात. घुमटाला कापड अगदी थोडे लागते हे खरे. पण जी बाई पूजेच्या वेळी रेशमी साडी वर्ज्य करते, तिच्या देवघराशेजारी तेच रेशीम नकळत का असावे? काही महागड्या स्पीकरांच्या दर्शनी भागावर चामडे मढवलेले असते, तर काहींच्या पेटीत ध्वनी शोषण्यासाठी लोकर भरलेली असते.

याला पर्याय सहज उपलब्ध आहेत. घुमट पॉलिएस्टर कापडाचे, ॲल्युमिनियमचे किंवा टायटॅनियमचेही मिळतात. पेटीत कृत्रिम तंतूंची भर असते. चांगला-वाईट आवाज एकट्या घुमटाच्या द्रव्यावर ठरत नाही, तर संपूर्ण रचनेवर ठरतो. त्यामुळे रेशीम नाकारल्याने ऐकण्यात काही गमवावे लागत नाही. मात्र ‘सॉफ्ट डोम’ एवढ्या शब्दावर विसंबू नये. तो रेशमाचाही असतो आणि पॉलिएस्टरचाही. घुमट कशाचा आहे हे विक्रेत्याकडून किंवा कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे.

हा विवेक नवा नाही. गाण्याच्या जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या लाखेच्या, म्हणजे चपड्याच्या बनत. आणि लाख ही सूक्ष्म कीटकांपासून मिळते. भारतात १९०२ मध्ये ध्वनिमुद्रण सुरू झाले, १९०८ मध्ये कोलकात्यातील सियालदह येथे तबकड्यांचा कारखाना निघाला, आणि जगभरच्या तबकड्यांसाठी लागणारी लाख मोठ्या प्रमाणात भारतातूनच जात असे. श्रावकाचारात वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्य, म्हणजे लाखेचा व्यापार, स्पष्टपणे आलेला आहे. पुढे १९४८ पासून विनाइलच्या तबकड्या आल्या आणि लाख मागे पडली. वस्तू कशापासून बनते हे विचारणे, ही जैन व्यापाऱ्याची पिढ्यान् पिढ्यांची सवय आहे. स्पीकर तिला अपवाद असण्याचे कारण नाही.

दुसरा विवेक परिमाणाचा. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात एकदाच भोगून संपणारे ते भोग आणि पुनःपुन्हा भोगता येणारे ते उपभोग असा भेद केला आहे. अन्न हा भोग, वस्त्र हा उपभोग. स्पीकर हा उपभोगच, आणि पुनःपुन्हा भोगण्याच्या वस्तूंची खरी अडचण अशी, की त्या संपत नाहीत, साचतात. नवी जोडी दिवाणखान्यात, जुनी माळ्यावर, त्याआधीची गोदामात. असा संचय व्रतात बसत नाही. खर्चाची मर्यादा दुकानात जाण्यापूर्वी वहीत लिहून ठेवावी, आणि एक जोडी घरात येईल त्याच दिवशी दुसरी जोडी घराबाहेर जाईल असा नियम करावा. चालू स्थितीतील जोडी पाठशाळेला द्यावी. तेथे मुलांना स्तोत्रपाठ ऐकण्यास ती उपयोगी पडेल. निकामी झालेली जोडी उकिरड्यावर न टाकता ई-कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडे द्यावी.

परीक्षा घेण्यासाठी दुकानात आजोबांना सोबत न्यावे. विक्रेता लावतो ते ढणढणीत गाणे ऐकून निर्णय घेऊ नये. घरी नित्य ऐकले जाणारे एक प्रवचन आणि स्त्रीच्या आवाजातील एक भजन मोबाइलमध्ये न्यावे, आवाज बेताचा ठेवावा, आणि आजोबांना विचारावे, महाराज काय म्हणाले? त्यांनी वाक्य जसेच्या तसे सांगितले तर तो स्पीकर घरासाठी योग्य. छाती हादरली का, हा प्रश्न त्या घराच्या गरजेचा नाही.

घरी आल्यावर शेजाऱ्याचाही विचार राहावा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबल अशी मर्यादा घातली आहे. गावातील घरे भिंतीला भिंत लागून असतात. पलीकडे कोणी सामायिक करीत बसले असेल. त्यांची ४८ मिनिटे भंगावीत असा कोणताही आनंद श्रावकाला शोभत नाही.

जैन दर्शन शब्दाला पुद्गलाचा पर्याय मानते. नैयायिकांनी त्याला आकाशाचा गुण म्हटले. तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात मात्र तो पुद्गलाच्या अवस्थांमध्ये गणलेला आहे. भिंतीवर आपटणारा, गादीत मुरणारा, अंतराने विरणारा ध्वनी हा जडच आहे, हे दिवाणखान्यातील प्रत्येक अनुभव सांगतो. तो जड ध्वनी ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचवणे एवढेच यंत्राचे काम. ‘श्रावक’ हा शब्द ‘श्रु’, म्हणजे ऐकणे, या धातूपासून आला आहे. घरातील ज्येष्ठ श्रावकाला ऐकता येत नसेल, तर तो प्रश्न सोयीपुरता उरत नाही.

म्हणून ज्या घरात या दिवाळीनंतर नव्या स्पीकरांचा विचार चालू असेल, तेथे खरेदी आठ दिवस पुढे ढकलावी. पहिल्या दिवशी आजोबांना कानांच्या तपासणीस न्यावे, दुसऱ्या दिवशी गादी-सतरंजी अंथरावी, तिसऱ्या दिवशी खुर्ची आणि स्पीकर यांच्या जागा बदलाव्यात, आणि उरलेले दिवस घरातील प्रत्येकाने त्यांच्याशी समोर बसून, सावकाश, चेहरा दिसेल असे बोलावे. नवव्या दिवशीही गरज भासली तर विचारपूर्वक, मर्यादेत, अहिंसक घडणीची जोडी अवश्य आणावी. आणि ती आणण्याच्या चर्चेत आजोबांचे मत घ्यावे. भावाची घासाघीस त्यांना घरात सर्वांहून चांगली जमते, फक्त दुकानदाराने सांगितलेला आकडा साठ होता की आठ, हे त्यांना नीट ऐकू यावयास हवे.